डोंगरवाटेने धबधब्याकडे आणि डोहाकडे: नवख्यांसाठी मार्गदर्शन

डोंगरातून चालत जाणे आणि वाहत्या पाण्यात पोहणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. धबधब्याच्या भटकंतीत ती एकाच दिवशी, एकाच शरीराने आणि एकामागून एक करायची असतात, म्हणून तिची आखणी नेहमीच्या डोंगरवाटेपेक्षा निराळी करावी लागते. शिखर गाठणारा माणूस वर पोहोचला की विसावतो आणि बहुतेक वेळा तिथे विसावायला काही हरकत नसते. धबधब्यापाशी मात्र घामाघूम झालेला, थकलेला आणि समोरचे पाणी पाहून हरखलेला माणूस ज्या जागी पाठीवरची सॅक उतरवतो, तीच जागा बहुधा अख्ख्या वाटेवरची सर्वांत धोक्याची असते. पुढच्या सगळ्या सूचनांचा रोख एवढाच आहे की त्या जागी पोहोचताना अंगात ताकद आणि हाताशी वेळ शिल्लक असावा, आणि पाणी पाहून झाल्यावर "आज उतरायचे नाही" असे म्हणण्याची मोकळीक आपल्याला राहावी.

वाट निवडणे

पहिल्या काही भटकंतींसाठी मळलेली, खुणा केलेली आणि लोकांच्या नेहमीच्या वापरातली वाट निवडावी. छायाचित्रांवरून वाट निवडू नये, कारण छायाचित्रात पाणी दिसते, पण तिथपर्यंतचा उतार, मधले ओढे आणि ते छायाचित्र कोणत्या महिन्यातले आहे हे दिसत नाही. नकाशा या बाबतीत अधिक प्रामाणिक असतो. समोच्च रेषा, म्हणजे सारख्याच उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असलेल्या नकाशावर पाण्याची निळी रेघ जिथे एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या रेषा ओलांडते, तिथे कडा असतो आणि पाणी कोसळत असते. त्या रेषा ओढ्याला छेदताना जे टोक काढतात, ते नेहमी ओढ्याच्या उगमाकडे रोखलेले असते. एवढे वाचता आले तरी वाट धबधब्याच्या माथ्यावर जाते की पायथ्याला, हे घरबसल्या कळते. पोहण्याचा विचार असेल तर पायथ्याची वाट हवी. माथ्यावर नेणारी वाट नवख्यांनी पोहण्यासाठी मुळीच निवडू नये.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला हिशेब आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटर चालीला १ तास, आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा आहे, म्हणून नवख्यांनी येणाऱ्या उत्तराची दीडपट करावी. समजा, धबधबा ४ किलोमीटरवर आणि सुरुवातीच्या जागेपेक्षा ३०० मीटर खाली आहे. परतताना अंतरासाठी ४८ मिनिटे आणि चढासाठी ३० मिनिटे, म्हणजे १ तास १८ मिनिटे होतात आणि दीडपट केल्यावर ती जवळजवळ २ तासांवर जातात. हे उदाहरण मुद्दाम उताराचे घेतले आहे. पाणी दरीत असते, त्यामुळे धबधब्याच्या पुष्कळ वाटा जाताना उतरतात आणि येताना चढतात. ताज्या पायांना उतार सोपा वाटतो आणि पोहून गार पडलेल्या, भुकेल्या शरीराला चढ चढावा लागतो.

या हिशेबातून परतीची वेळ काढावी आणि ती निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांगावी. ती वेळ झाली की धबधबा वळणापलीकडे असला तरी मागे फिरायचे असते. खोल घळीत सूर्य कड्याआड फार लवकर जातो, त्यामुळे पंचांगातली सूर्यास्ताची वेळ धरू नये आणि अंधारापूर्वी निदान २ तासांची सवड ठेवावी.

पाऊस आणि पाणलोट

आपल्या डोक्यावरचे आभाळ निरभ्र आहे म्हणून ओढा सुरक्षित आहे असे समजणे, ही या छंदातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. धबधब्याला येणारे पाणी त्याच्या वरच्या बाजूच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्रातून गोळा होते. तो प्रदेश कित्येक किलोमीटर लांब आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही असू शकतो. तिथे तासाभरापूर्वी पडलेला जोराचा पाऊस आपण उन्हात बसलो असताना लोंढा होऊन खाली येतो. उघडा कातळ आणि उभे उतार असलेल्या ठिकाणी पाणी मुरत नाही, त्यामुळे लोंढा आणखी लवकर येतो. म्हणून हवामानाचा अंदाज पाहताना केवळ धबधब्याच्या जागेचा न पाहता ओढ्याच्या उगमाकडच्या डोंगररांगेचाही पाहावा आणि आदल्या दोन दिवसांत तिथे किती पाऊस झाला हेही विचारून घ्यावे. आधीच भिजून गच्च झालेली माती नव्या पावसातले पाणी जवळजवळ जसेच्या तसे ओढ्यात सोडून देते.

बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यांचा नियम वेगळा आहे. त्यांचे पाणी पहाटे सर्वांत कमी असते, ऊन चढेल तसे वाढते आणि दुपारनंतर किंवा संध्याकाळी सर्वांत जास्त होते. सकाळी गुडघ्याखाली असलेला ओढा परतताना मांडीपर्यंत आलेला असू शकतो, हे लक्षात घेऊनच जाणे-येणे ठरवावे. वरच्या बाजूला धरण किंवा वीजप्रकल्प असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचाराव्यात. भोंग्याच्या इशाऱ्याची पाटी लावलेल्या जागी पात्रात मुक्काम तर नकोच, पण जेवायलाही बसू नये.

सोबत आणि सामान

एकट्याने जाऊ नये. किमान तीन, शक्य तर चार जण असावेत, म्हणजे एखाद्याला दुखापत झाली तर एक जण त्याच्याजवळ थांबू शकतो आणि दोघे मदत आणायला जाऊ शकतात. गटात कोणाला पोहता येते, किती येते आणि कोणाला दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास आहे, हे निघण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. पाण्यापाशी पोहोचल्यावर हे कबूल करायला माणसे संकोचतात. घरच्या एका जबाबदार व्यक्तीला वाटेचे नाव, गटातल्या लोकांची नावे, परतण्याची वेळ आणि त्या वेळेनंतर किती वाट पाहून कोणाला कळवायचे, हे लिहून द्यावे. दरीत मोबाइलला संपर्क मिळत नाही आणि उंच कड्यांमध्ये जीपीएससुद्धा चुकते. म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा आणि त्याची कागदी प्रतही जवळ असावी.

बूट असे हवेत की ज्यांचा तळ मऊ रबराचा आणि खोल खाचांचा आहे आणि ज्यांतून पाणी चटकन निथळते. पाण्यात वापरायला वेगळी, टाचेला पट्टा असलेली पादत्राणे घेतली तर उत्तम. अंगठ्याच्या चपला मात्र ओल्या खडकावर अजिबात उपयोगाच्या नाहीत. सुती कपडे आणि जीन्स टाळावी, कारण सूत पाणी धरून ठेवते आणि अंगातली ऊब खेचून घेते. लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे कपडे चांगले. एक पूर्ण कोरडा जोड, मोजे आणि टॉवेल जलरोधक पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवावेत आणि पोहून होईपर्यंत त्यांना हात लावू नये.

याशिवाय प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असावी, प्रत्येकाजवळ हेडलॅम्प असावा आणि गटात मिळून प्रथमोपचाराची पेटी, आणीबाणीत अंगाभोवती गुंडाळायची पातळ चकचकीत चादर आणि १५ ते २० मीटरची, पाण्यावर तरंगणारी दोरी असावी. पोहण्याचा बेत पक्का असेल आणि गटात कच्चे पोहणारे असतील तर लाइफ जॅकेटचे ओझे निमूटपणे वाहावे. फुगवायची खेळण्यातली चाके आणि गाद्या लाइफ जॅकेटची जागा घेऊ शकत नाहीत. चालताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते, उन्हात त्याहून जास्त. धबधब्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी ते गाळून आणि उकळूनच प्यावे. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट, आणि २००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर ३ मिनिटे उकळणे पुरेसे असते.

ओला खडक

चालायला लागल्यावर पहिला तास मुद्दाम सावकाश चालावे. उतारावर पाऊल लहान टाकावे, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि शरीराचा भार पावलाच्या बरोबर वर राहील असे पाहावे. घसरण्याच्या भीतीने मागे रेललेला माणूस हमखास घसरतो, कारण भार टाचेवर जातो आणि बुटाच्या पुढच्या भागाची पकड सुटते.

धबधबा जवळ येऊ लागला की खडकांचा रंग वाचायला शिकावे. कोरडा, फिकट, हाताला खरखरीत लागणारा कातळ विश्वासाचा असतो. तोच कातळ नुसता ओला झाला तर थोडा कमी विश्वासाचा होतो, पण त्याची पकड टिकून असते. ज्या खडकावर काळसर किंवा गडद हिरवी, उन्हात तेलासारखी चकाकणारी झाक दिसते, तिथे शेवाळाचा पातळ थर असतो आणि त्यावर कोणताही बूट टिकत नाही. हा थर जाड हिरव्या शेवाळापेक्षा अधिक फसवा असतो, कारण जाड शेवाळ दुरून दिसते आणि हा थर केवळ ओल्या दगडासारखा भासतो. शंका आली की पूर्ण भार टाकण्यापूर्वी बुटाचा तळ त्या जागी दाबून पुढे-मागे घासून पाहावा. किंचितही सरकला तर पाऊल दोन दगडांच्या बेचक्यात किंवा वाळूत टाकावे. या पट्ट्यात दगडावरून दगडावर उड्या मारत जाऊ नये. शक्य तिथे खाली बसून, हात टेकून, ढुंगणावर सरकत उतरणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

माथ्याबद्दल एक वेगळी ताकीद द्यावी लागते. धबधब्याच्या माथ्यावरचे पाणी बऱ्याचदा घोट्याइतकेच खोल आणि संथ दिसते, पण त्याखालचा खडक वर्षानुवर्षे घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो आणि तिथे घसरलेल्या माणसाला थांबायला काहीच उरत नाही. काठाशी जाऊन खाली डोकावणे, तिथे छायाचित्र काढणे किंवा माथ्यावरचा प्रवाह पायी ओलांडणे या तीनही गोष्टी नवख्यांनी पूर्णपणे वर्ज्य मानाव्यात.

ओढा ओलांडणे

वाटेत ओढा आडवा आला तर आधी तो ओलांडायलाच हवा का, हे ठरवावे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा पायांवरचा जोर चौपट होतो, म्हणून केवळ खोली पाहून चालत नाही. एक काटकी प्रवाहात टाकावी आणि काठाने तिच्यासोबत चालत राहावे. नेहमीच्या चालीने तिला गाठता येत नसेल तर त्या जागी उतरू नये. पाणी वेगाचे असेल आणि गुडघ्याच्या वर जात असेल तरी उतरू नये. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, म्हणून तिथेही हाच नियम लावावा.

ओलांडण्यासाठी सर्वांत अरुंद जागा निवडण्याचा मोह होतो, पण अरुंद जागी पाणी खोल आणि जोराचे असते. पात्र जिथे पसरट होते आणि पाणी दगडांवरून खळखळत उथळ वाहते, ती जागा बरी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या जागेच्या खालच्या बाजूला काय आहे ते पाहावे. तिथे दुसरा धबधबा, खडकांची दाटी किंवा पात्रात आडवे पडलेले झाड असेल तर ती जागा सोडून द्यावी. आडव्या झाडाच्या फांद्यांमधून पाणी निघून जाते, पण माणूस अडकतो आणि पाण्याचा दाब त्याला तिथेच धरून ठेवतो.

उतरताना बूट पायात ठेवावेत आणि सॅकचे कमरेचे व छातीचे पट्टे सोडावेत, म्हणजे पडल्यास ती झटकून टाकता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून, हातातली भक्कम काठी समोर टेकवून, कडेकडेने सरकावे. काठी आणि दोन पाय यांपैकी दोन आधार नेहमी तळाला टेकलेले असावेत आणि एका वेळी एकच हलवावा. पाय उचलून टाकण्याऐवजी तळाला घासत पुढे न्यावा आणि पाऊल पक्के बसल्यावरच भार बदलावा. प्रवाहाने पाय उचललेच तर उठून उभे राहण्याची धडपड करू नये, कारण वेगवान पाण्यात पाऊल दोन दगडांमध्ये अडकले की पाणी शरीराला पुढे लोटून डोके खाली दाबते. पाठीवर पडून, पावले वाहत्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवून, हातांनी काठाकडे वल्हवत राहावे आणि पाणी संथ व उथळ झाल्यावरच उभे राहावे.

पोहोचल्यानंतरचा पहिला अर्धा तास

धबधबा दिसला की लगेच पाण्यात जायचे नाही, असा गटाचा नियम असावा. सॅक पात्रात किंवा पात्रातल्या बेटावर न ठेवता काठावर, मागच्या पुराने आणलेला पालापाचोळा जिथपर्यंत अडकलेला दिसतो त्या रेषेच्याही वर ठेवावी. तिथून अचानक वर चढून जाण्याची वाट कोणती, हे सगळ्यांनी पाहून घ्यावे. मग पाण्याच्या अगदी कडेला, अर्धा भिजेल असा एक दगड खूण म्हणून ठेवावा आणि घड्याळ पाहावे. पंधरा मिनिटांनी दगड बुडाला असेल तर पाणी वाढते आहे आणि तिथून निघायचे आहे. ही साधी खूण पोहत असतानाही अधूनमधून पाहायची असते.

नितळ पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पाने, काटक्या किंवा फेस वाहून येऊ लागणे आणि धबधब्याचा आवाज खर्जात जाणे ही लोंढ्याची लक्षणे आहेत. कधी कधी वर कुठेतरी अडथळा अडून पाणी अचानक कमीही होते आणि ते लक्षणही तितकेच गंभीर मानावे. यांपैकी एकही दिसले की सामानाची पर्वा न करता उंच जागी चढावे. खालच्या दिशेला पळू नये, कारण लोंढा माणसापेक्षा वेगाने धावतो.

धबधब्याच्या गाजेचा एक परिणाम नवख्यांच्या ध्यानात येत नाही. त्या आवाजात दहा पावलांवरची हाकही ऐकू येत नाही, तसाच वरून येणाऱ्या लोंढ्याचा किंवा सुटलेल्या दगडाचा आवाजही दडपला जातो. म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात. दोन्ही हात डोक्यावर जोडून गोल केला म्हणजे "मी ठीक आहे", एक हात उंच करून हलवला म्हणजे "मदत हवी", आणि शिट्टीचा एक लांब आवाज म्हणजे "सर्वांनी बाहेर या", एवढ्या खुणा पुरतात. शिवाय एक जण नेहमी काठावर, कोरडा, दोरी हाताशी घेऊन आणि फोन बाजूला ठेवून बसलेला असावा. पाळीपाळीने हे काम केले तर कोणालाच ते जड जात नाही.

डोह समजून घेणे

कोसळणारे पाणी वाळू आणि दगड गरगर फिरवत खडक कोरत जाते, त्यातून पायथ्याचा डोह आणि त्याच्या खालचे रांजणखळगे तयार होतात. त्यामुळे डोहाचा तळ सपाट नसतो. घोटाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात पडू शकते. शिवाय प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे नितळ पाण्याची खोली वरून पाहताना खऱ्या खोलीच्या तीनचतुर्थांश भासते, म्हणजे ४ मीटरचा डोह ३ मीटरचा वाटतो. पोहता न येणाऱ्याने "तळ दिसतो आहे" या भरवशावर कधीही पुढे सरकू नये.

पाणी जिथे प्रत्यक्ष आदळते त्या पांढऱ्याशुभ्र भागापासून सगळ्यांनीच लांब राहावे. तिथल्या पाण्यात हवेचे बुडबुडे इतके मिसळलेले असतात की त्याची घनता घटते, शरीर नेहमीसारखे तरंगत नाही आणि हातपाय मारले तरी पाण्याला पकड मिळत नाही. वरून पडणारी धार तळाशी जाते आणि तिथून पृष्ठभागाकडे उसळताना काही पाणी पुन्हा धारेकडे ओढले जाते. या चक्रात सापडलेला चांगला पोहणाराही सहज सुटत नाही. बुटक्या, सरळ रेषेतल्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी हे चक्र पात्राच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग असते. म्हणून बंधाऱ्याखालचे पाणी कितीही निरुपद्रवी दिसले तरी तिथे उतरू नये. धारेखाली उभे राहून अंगावर पाणी घेण्याची हौस केवळ अगदी लहान, विरळ आणि उथळ तळाच्या धारांपुरती ठेवावी. वरून दगड आला तर १० मीटर उंचीवरून पडताना त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर झालेला असतो.

पोहण्यासाठी योग्य जागा बहुधा धारेपासून दूर, डोहाच्या खालच्या अंगाला असते. तिथे पृष्ठभाग जवळजवळ स्थिर असतो, तळ हळूहळू उतरत जातो आणि बाहेर येण्यासाठी वाळूचा किंवा खरखरीत दगडाचा सोपा काठ असतो. उतरण्यापूर्वी बाहेर येण्याची जागा बोटाने दाखवता आली पाहिजे. मात्र डोहाचे पाणी जिथून पुन्हा खाली पडते, त्या तोंडापासून भरपूर अंतर राखावे.

पाण्यात उतरणे

डोंगरातले पाणी उन्हाळ्यातही गार असते. पाणी १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल तर अंग एकदम बुडताच श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, पुढची एक-दोन मिनिटे धाप लागते आणि हृदयाचे ठोके वाढतात. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जाते. चांगले पोहता येणारी माणसेही गार डोहात उतरताच बुडतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. तापलेले, घामाने भिजलेले शरीर थेट पाण्यात झोकून देणे म्हणूनच टाळायला हवे.

आधी पंधरावीस मिनिटे सावलीत बसून धाप आणि घाम ओसरू द्यावा. मग काठावर बसून पावले पाण्यात सोडावीत, हातांवर, मानेवर आणि तोंडावर पाणी घ्यावे. त्यानंतर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, श्वास पूर्ण बाहेर सोडत सावकाश खांद्यापर्यंत खाली जावे आणि श्वास नेहमीसारखा होईपर्यंत तिथेच थांबावे. मोठ्याने एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले, तर श्वास ताब्यात आला असे समजावे. मगच पोहायला सुरुवात करावी आणि तीही काठाला समांतर, कारण डोहाच्या मध्यात दमलेल्या माणसाला टेकायला जागा नसते. गार पाण्यात पोहण्याची ताकद अनेकांच्या कल्पनेपेक्षा फार लवकर संपते. शरीराचे तापमान धोक्याइतके उतरायला अर्धा तास लागत असला, तरी हातापायांचे स्नायू त्याच्या बरेच आधी, दहाएक मिनिटांतच ढिले पडू लागतात. बोटे जुळवताना त्रास होऊ लागला किंवा दात वाजू लागले की लगेच बाहेर यावे. पहिल्या खेपेला पाच मिनिटे पुरेशी आहेत.

मद्य घेतलेल्या कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये आणि याबाबतीत भीड बाळगू नये. मुलांसोबत एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर, पाण्यातच असावे.

उडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डोके खाली करून सूर मारणे अनोळखी डोहात कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण तळाला डोके आपटले तर मान मोडते आणि उरलेले आयुष्य पांगळेपणात जाऊ शकते. पाय खाली ठेवून मारायची उडीही, त्याच दिवशी कोणीतरी पोहत जाऊन ती जागा तळापर्यंत तपासली नसेल तर मारू नये. गेल्या वर्षी खोल असलेल्या जागी यंदाच्या पुराने मोठा दगड किंवा झाडाचे खोड आणून टाकलेले असू शकते.

कोणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही आणि हातही हलवत नाही, कारण त्याची सगळी शक्ती श्वास घेण्यात खर्च होत असते. डोके मागे झुकलेले, तोंड पाण्याच्या पातळीला, शरीर उभे आणि हात पाण्यावर दाबल्यासारखे असे दिसले की विचारत बसू नये. काठावरून काठी, फांदी किंवा टॉवेल पुढे करावा. पोहोचत नसेल तर दोरी किंवा झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी फेकावी. पुढे करताना आणि ओढताना स्वतः आडवे पडून, दुसऱ्याला आपले पाय धरायला सांगावे. प्रशिक्षण नसताना पाण्यात उडी घेऊन वाचवायला जाऊ नये, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच खाली दाबतो आणि एकाऐवजी दोघे जातात.

बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. नाक बंद करून तोंडाने ५ श्वास द्यावेत आणि मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाबावे, पुन्हा २ श्वास, पुन्हा ३० दाब, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतका जोर लागतो. हे प्रत्यक्ष शिकवणारे प्रथमोपचाराचे वर्ग असतात आणि पाण्याकडे नेहमी जाणाऱ्याने तो वर्ग आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन. वाचलेला माणूस बोलू लागला, बरा दिसू लागला तरी त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे, कारण फुप्फुसातल्या पाण्याचा त्रास काही तासांनंतरही उद्भवतो.

डोंगरात मदत मागण्याची खूण म्हणजे मिनिटाभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा शिट्ट्या. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या ऐकू येतात. अंधारात हेच विजेरीने करता येते.

परतताना

पाण्यातून बाहेर आल्यावर ओले कपडे लगेच उतरवून अंग पुसावे आणि कोरडा जोड घालावा. थोडे खाऊन मगच चालू लागावे. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीराचे आतले तापमान उतरत राहते, त्यामुळे कुडकुडत चढाला लागू नये. पावले पूर्ण कोरडी करून कोरडे मोजे घालणे हा वेळेचा अपव्यय मुळीच नाही, कारण पाण्याने मऊ पडलेल्या कातडीवर तासाभराच्या चालीत फोड येतात. गटातला सर्वांत सावकाश चालणारा माणूस पुढे आणि अनुभवी माणूस शेवटी ठेवला तर थकलेल्या वेळी कोणी मागे सुटत नाही.

निघण्यापूर्वी आपला आणि शक्य तेवढा दुसऱ्यांचाही कचरा सॅकमध्ये भरावा. पाण्यात साबण किंवा शाम्पू वापरू नये, आणि उन्हासाठी लावायचे मलम पाण्यात उतरण्याच्या ऐन आधी फासू नये. ते धुऊन निघून डोहातल्या जिवांपर्यंत पोहोचते. त्याऐवजी बाह्यांचा सदरा घालावा. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर दूर जावे आणि वीतभर खोल खड्डा करून बुजवावा. याच ओढ्याचे पाणी खाली कोणीतरी पीत असते.

घरी पोहोचल्यावर ज्या व्यक्तीला वेळ सांगून ठेवली होती तिला सुखरूप आल्याचे कळवावे, नाहीतर तिकडे विनाकारण शोध सुरू होईल. अंगावरच्या खरचटलेल्या जागा साबणाने धुऊन त्यांना जंतुनाशक लावावे. प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरू शकतात. म्हणून पुढच्या महिन्याभरात ताप, तीव्र अंगदुखी किंवा डोळ्यांत लाली आली तर डॉक्टरांना इतर लक्षणांसोबत आपण डोंगरातल्या डोहात पोहलो होतो हेही आठवणीने सांगावे.